सोनकीचा पाय

“गोष्ट सुरू केलीस ना बाय, मंग तिला घरापर्यंत पोचव. वाटेत सोडायची असंल तर सुरूच करू नको. आतली मानसं ताटकळत ऱ्हातात.”

लहानपणी आम्हाला गोष्टी सांगणाऱ्या बनुबाईंचं हे बोलणं त्या शनिवारी भर वर्गात मला आठवलं होतं. आठवलं नाही असं मी म्हणू शकत नाही. आठवलं, आणि पदराखालचा हात तसाच चालू ठेवून मी ते बाजूला सारलं.

“बाई, सोनकी!” यशराज ओरडला. तो चौथीतला, सगळ्यांत दांडगा. “सोनकीचा पाय निघाला का नाय?”

“सोनकी, सोनकी!” बाकीच्यांनी सूर धरला. पहिली ते चौथी मिळून एकोणीस पोरं, वर्ग एकच आणि बाईही एकच. उमरठच्या पुढे चढावर आमची वाडी, आणि वाडीच्या टोकाला शाळा. शनिवारचा शेवटचा तास गोष्टीचा असतो. तो मी उरकला होता. पोरं गोलात बसवली, हातात पुस्तक उघडं धरलं आणि यशराजकडून फोटो काढून घेतला. रेंज मिळाली की तो शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायचा, म्हणजे तास झाला.

पदराखाली माझ्या बोटात जपाचं काउंटर होतं. अंगठीसारखं असतं ते, बटण दाबलं की आकडा पुढे सरकतो. माझ्या मुलीनं, देवश्रीनं, पुण्याहून पाठवलेलं. रोज एक हजार आठ नावं हा माझा नेम. सकाळी पोलादपूरहून गाडी पकडायच्या घाईत पुरी होत नाहीत, म्हणून उरलेली शाळेत घ्यायची. पोरांना वाटायचं, बाईंच्या बोटात घड्याळ आहे.

सोनकीची गोष्ट मी कुठल्या पुस्तकातून घेतली नव्हती. महिन्यापूर्वी एका शनिवारी रेंज नव्हती, फोनवरची गोष्ट लागेना, पोरं दंगा करायला लागली, तेव्हा मी बोलायला लागले आणि ती आपोआप आली. एक गाव असतं. गावावरच्या डोंगरात, कपारीत, कंटाळोबा राहतो. तो जांभई देतो. ती जांभई ज्याला दिसते, त्यालाही जांभई येते आणि त्याच्या डोक्यातला विचार सुकल्या पानासारखा गळून खाली पडतो. सुतार रंधा हातात धरून बसून राहतो. वासराला सोडायचं कुणाला सुचत नाही. सगळ्या गावात एकच पोर जागी असते, कारण जांभई आली तेव्हा ती मुंगळ्यांची रांग बघत होती. तिचं नाव पोरांना विचारलं, तर दुसरीतली श्रुतिका खिडकीबाहेर बघत म्हणाली, “सोनकी.” भाद्रपदात आमच्या उतारावर ती पिवळी फुलं मावत नाहीत.

सोनकी कंटाळोबाला गाठायला निघते. वाट सात वळणांची. त्या वाटेचा एकच कायदा. पावलागणिक काहीतरी नवीन दिसलं पाहिजे. ‘हे तर मला माहीत आहे’ असं एकदा जरी मनात आलं, तरी पाय गुडघ्यापर्यंत जमिनीत जातो.

तीन शनिवार पोरांनी श्वास रोखून ऐकली. मलाही त्या दिवसांत शाळेत येताना हुरूप असायचा. तिसऱ्या शनिवारी सातव्या वळणावर, कपार समोर दिसत असताना, सोनकीच्या मनात आलं, ‘डोंगर काय, मी रोजच बघते.’ तिचा पाय गेला. तिथे घंटा झाली.

आणि चौथ्या शनिवारी मला काही सुचेना. खरं म्हणजे सुचवून घ्यावंसं वाटेना. विचार करायचा म्हटलं की डोक्यावर ओलं गोणपाट टाकल्यासारखं व्हायचं. जपाला तसं होत नव्हतं. जप आपोआप होत होता.

“आज नको,” मी म्हणाले. “दिवसाउजेडी गोष्ट सांगितली तर मामा वाट चुकतो.”

लहानपणी आम्हाला असंच गप्प करत. पोरं हसली.

“मला मामाच नाय!” यशराज म्हणाला. “मला सांगा बाई. ह्यांनी कान बंद करा.”

“माझ्या मामाला चुकू दे,” ओम म्हणाला. “तो सायकलला हात लावू देत नाय.”

हसण्याचा गलका झाला. श्रुतिका तेवढी हसली नाही. “शनवारी पन चुकतो, बाई?” तिनं विचारलं.

“रोजच चुकतो,” मी म्हणाले आणि बटण दाबलं. त्या दिवशी गाडीत बसण्याआधीच माझे एक हजार आठ पुरे झाले होते. देवानं मला क्षमा करावी, पण मला त्याचं समाधान वाटलं.

त्यानंतर श्रुतिका बिघडली. मला तसंच वाटलं. गोष्टीच्या तासाला ती कानात बोटं घालून बसायची. एकदा वाचनाला उभी केली, तर धड्यातली सशाची गोष्ट बघून पुस्तक मिटलं.

“वाच.”

“दिवसा नाय वाचनार.”

“आळस आलाय का गं?” मी विचारलं, आणि तास संपेपर्यंत तिला दाराशी उभी केली. ती रडली नाही. दारातून खालच्या वाटेकडे बघत राहिली. तिच्याकडे बघून मी दोनदा मान हलवली, काय ही आजकालची पोरं, अशी.

मंगळवारी तिची आजी, तुळसाबाई, शाळेत आल्या. चप्पल बाहेर काढून दारातच उभ्या राहिल्या.

“बाई, यक सांगू? राग नाय ना येनार?”

“या ना, आत या.”

“पोर धड जेवत नाय हो. शनवारपास्नं तं ताटाला हातच लावीत नाय. माझ्यामुळं मामा वाट चुकला, म्हनते. सारखं तेच.”

माझा हात पदराखाली थांबला.

श्रुतिकाचे आईबाप विरारला. खोली लहान, दोघांची कामं, म्हणून पोर आजोळी. तिचा मामा अनिल, तुळसाबाईंचा धाकटा, महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत कंत्राटी कामाला. दर शनिवारी पहिली पाळी करून तो मोटारसायकलवर वर यायचा. मी दुपारी गाडीसाठी उतरायला लागले की वाटेत भेटायचा, “नमस्कार बाई” म्हणायचा. तो तीन शनिवार भेटला नाही, हे मला तुळसाबाई बोलत असताना ध्यानात आलं. तीन शनिवार मी त्याच वाटेनं खाली गेले होते.

“पण तिच्यामुळे कसा चुकेल?” मी विचारलं. “गोष्ट तर मी सांगितलीच नाही.”

“तुमी नाय सांगितली. हिनं सांगितली.” तुळसाबाईंनी पदर तोंडाला लावला, हसू होतं की काय, मला कळलं नाही. “त्या दिशी शाळंतनं आली ती बकऱ्या घेऊन गेली. तितं बकऱ्यांना सांगितली. त्या कोन पोरीचा पाय अडकलाय, तो सोडवाया. भर दुपारी. आनि रातच्याला मामा आला नाय.”

“अनिल आहे कुठे?”

तुळसाबाईंनी आवाज उतरवला. “गुजरातला गेला. कंपनीतला काम संपला, ठेकेदारानं उचलला तसा गेला. आमी पोरीला सांगितला नाय. रडंल म्हनून. येईल गो, येत्या शनवारी येईल, असंच म्हनत ऱ्हायलो.” मग म्हणाल्या, “तुमी देवाधर्माच्या बाई. तुमी सांगितल्याला तिला खोटा वाटत नाय. तुमीच काय तो उतारा सांगा.”

त्यांना माझा राग आला नव्हता, हेच मला सोसेना. देवाधर्माच्या बाई. त्या गेल्यावर मी वर्गात बघितलं. श्रुतिका गणित करत होती. तिच्या पाटीवर सगळी उत्तरं बरोबर होती.

मधल्या सुट्टीत मी मोठ्या वळणापर्यंत उतरले. रेंज तिथेच मिळते. तुळसाबाईंनी दिलेला नंबर लावला.

“कोन? बाई?” अनिलचा आवाज दचकला. “श्रुतिकाला काय झाला का?”

“काही नाही. बरी आहे.” मग मी सगळं सांगितलं. तो आधी हसला. “बकऱ्यांना?” म्हणाला. मग यंत्राच्या घरघरीपासून तो लांब गेला.

“बाई, तिला वीर टेसनाला रेल्वे दाखवाया न्यायचा बोल्लेलो. त्याच शनवारी. ठेकेदार बोल्ला, चल, आठ मैने का काम है, सोचना मत. बसलो गाडीत. कुठल्या तोंडानं फोन करू पोरीला?”

“कधी येशील?”

“शिमग्याला. त्याच्या आधी नाय सोडत.”

“मी तिला सांगते,” मी म्हणाले. “खरं तेच सांगते.”

हे म्हणताना मला वाटलं होतं की कठीण काम झालं. वर येईपर्यंत मी वाक्यंसुद्धा जुळवली होती.

खिचडी खाऊन पोरं नळावर ताटल्या धूत होती. बाकीची पांगल्यावर मी श्रुतिकाशेजारी पायरीवर बसले.

“श्रुतिका, मामा वाट चुकलेला नाही. तो गुजरातला कामाला गेलाय. आत्ताच मी त्याच्याशी फोनवर बोलले. शिमग्याला येणार आहे.”

ती ताटली घासत राहिली. ताटली केव्हाच स्वच्छ झाली होती. “गुजरातवरनं यायची वाट त्याला ठाऊक हाय?”

“आहे ना.”

“पन मी दिवसा सांगितली. म्हनून गेला.”

“तसं नसतं गं. दिवसा गोष्ट सांगितली म्हणून कुणी वाट चुकत नाही.”

तिनं पाणी बंद केलं आणि माझ्याकडे बघितलं. “मंग तुमी बोल्लात कशाला?”

सव्वीस वर्षं मी पोरांना प्रश्न विचारत आले. उत्तर न येणाऱ्याला दाराशी उभं करत आले. लोक म्हणतात म्हणून, गंमत केली, जुनी समजूत आहे, असं बरंच काही तोंडाशी आलं. त्यातलं एकही खरं नव्हतं. नळाचे थेंब ताटलीवर पडत होते.

“मला कंटाळा आला होता,” मी म्हणाले.

“गोष्टीचा?”

“पुढचं सुचवायचा. विचार करायचा.”

तिला नवल वाटलं. तिनं माझ्या बोटाकडे बोट दाखवलं. “आनि त्या घड्याळाचा नाय येत कंटाळा?”

“त्याला विचार करावा लागत नाही,” मी बोलून गेले.

माझ्याच तोंडून ते ऐकलं आणि चपला घालून देवघरात शिरल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं आकडा पुढे गेला होता. मी कुठे होते? हजारो नावं घेतली, त्यातलं एक तरी घेताना मला कुणी दिसलं होतं का? हे सात वर्षांच्या पोरीसमोर, नळापाशी बसून मला कळावं, याची लाज वाटली. खाली बघत मी ते काउंटर बोटातून काढलं. उगाचच काढलं. कुठे ठेवावं ते कळेना म्हणून मुठीत धरलं.

“मला पन पाढ्यांचा येतो,” श्रुतिका म्हणाली. माझी समजूत काढत होती. “बाराचा तं लई येतो.”

“आणि मी तुला दाराशी उभी केली, ते चुकलं माझं.”

ते तिनं ठेवून घेतलं.

थोड्या वेळानं मी विचारलं, “बकऱ्यांना पुढे काय सांगितलंस गं?”

“मला येत नाय पुढचा. सोनकीचा पाय काय निघत नाय. मी लई ओढला.”

“मी सांगेन. आत्ता सांगू?”

“नको!” तिनं दोन्ही हात कानांवर नेले. ओल्या हातांचं पाणी मानेवरून फ्रॉकमध्ये उतरलं. “दिवा लागल्यावर. चुकत नाय ते मला समाजला. पन दिवा लागल्यावरच सांगा. उगाच कशाला?”

“बरं. दिवा लागल्यावर.”

“शनवारी नको. शनवारी मी वाटंवर बसते.”

“शिमग्याला येणार म्हटलं ना मामा?”

“तरी पन.”

“मग रविवारी,” मी म्हणाले. “रविवारी दिवेलागणीला तुझ्या घरी येते.”

“खरा?”

“खरं.”

बोलून गेले, आणि घरी जाताना गाडीत माझ्या लक्षात आलं, मी काय कबूल केलं ते. एकोणीस वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या, तेव्हा त्यांचा नेम मी उचलला. सूर्य मावळताना तुळशीपाशी दिवा, आणि तिथेच बसून एकशे आठ नावं. आजवर एक संध्याकाळ चुकली नाही. त्यापायी देवश्रीच्या घरी पुण्याला मी कधी मुक्कामाला राहिले नाही. तिच्या बाळंतपणात विहीणबाई होत्या. लोक कौतुक करायचे आणि मी मान खाली घालून ऐकायची. ते मला आवडायचं, हेही आता लिहून टाकते.

वाडीत दिवेलागणीला असायचं म्हणजे शेवटची गाडी जाणार. मुक्काम तुळसाबाईंकडे. शनिवारी रात्री मी ह्यांना सांगितलं. हे एसटीतून निवृत्त झालेले, कमी बोलणारे.

“पाच दिवस घोळवते आहेस ते हेच का?” हे म्हणाले. “मी लावीन की दिवा.”

“नेम माझा आहे.”

“दिवा तर तुळशीचा आहे ना?” मग म्हणाले, “फक्त वाती कुठे असतात, तेवढं सांगून जा.”

एकोणीस वर्षांत ह्यांना वाती कुठे असतात ते माहीत नव्हतं, आणि मीही कधी दाखवलं नव्हतं. रविवारी दुपारी मी डबा दाखवला, तेलाची बुधली दाखवली. पिशवीत एक लुगडं, तुळसाबाईंना नारळ, श्रुतिकाला शेंगदाण्याचे लाडू घेतले. देवासमोर हात जोडले. काय म्हणावं ते सुचेना. तशीच उभी राहिले, आणि बऱ्याच दिवसांनी मी नुसतं देवांकडे बघितलं. अन्नपूर्णेच्या हातातली पळी एका बाजूनं झिजली होती. कधी झिजली कोण जाणे.

“हे राहिलं तुझं,” हे दारातून म्हणाले. देवघराच्या पायरीवर काउंटर होतं.

“राहू दे.”

उमरठला गाडीतून उतरले तेव्हा उन्हं कलली होती. गाडीत आणखी दोघंच होती, ती गावात वळली. मी चढाला लागले. रोजची वाट. अकरा वर्षं, दिवसातून दोनदा. सोनकीची सात वळणं मी इथूनच उचलली होती, आणि सातव्या वळणावर तिच्या मनात आलेलं ते वाक्य माझंच होतं, हे पोरांना ठाऊक नसलं तरी मला ठाऊक होतं. पुढचं मात्र अजूनही सुचलं नव्हतं. मंगळवारपासून मी विचार करत होते. ओलं गोणपाट तसंच होतं डोक्यावर.

म्हटलं, सोनकीसारखं चालून बघू. पावलागणिक एक नवीन.

पहिल्या वळणापर्यंत मला काही म्हणजे काही दिसलं नाही. भात पिवळं पडायला लागलं होतं. दर वर्षी पडतं. विजेचा खांब. तो तर होताच. माहीत आहे, माहीत आहे, असं म्हणत मी एवढं अंतर कापलं, आणि त्या गोष्टीतला कायदा खरा असता तर मी कुठवर रुतले असते, हे ध्यानात येऊन कानशिलं तापली.

दुसऱ्या वळणावर थांबले. दगडावर पिशवी ठेवली. बांधावर एक झुडूप होतं. त्याचं मधूनच एखादं पान पांढरंशुभ्र, दुरून फूल वाटावं असं, आणि खरं फूल त्याच्या पोटाशी, नारिंगी, नखाएवढं. ते आज उगवलं नव्हतं. अकरा वर्षं इथेच असणार. मी त्याच्याकडे वाकून बघितलं. नाव आठवायचा प्रयत्न केला. पोरं विचारतील म्हणून काहीतरी नाव ठोकून द्यावं, ही सवयही त्याच वेळी वर आली.

“हे मला माहीत नाही,” मी म्हणाले. आसपास कुणी नव्हतं, तरी मोठ्यानं म्हणाले.

आणि सोनकी सातव्या वळणावर काय बोलली असेल, ते मला ऐकू आल्यासारखं झालं. पूर्ण नाही. पहिला शब्द तेवढा. कंटाळोबा त्यावर काय करेल, कपारीत शिरल्यावर काय दिसेल, ते अजून अंधारातच होतं. पण अजून पाच वळणं होती.

पश्चिमेला उन्हाची शेवटची तिरीप डोंगराच्या धारेवर आली. पोलादपूरला हे आता वातींचा डबा उघडत असतील. माझी बोटं सवयीनं एकमेकांवर घासली गेली. मी ती उलगडली. वर वाडीत कुणीतरी गुरांना हाका मारत होतं. एकाही घरात अजून दिवा लागला नव्हता.

मी पिशवी उचलली, पदर खोचला, आणि तिसऱ्या वळणाकडे निघाले.